आपल्या तोंडानं

भावसिंगपुरा,
शनिवार, १० जानेवारी

ज्ञानेश्वरी,

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आठवड्यानं आलेलं पाणी, त्यामुळं गल्लीत कुणाला कुणाकडं बघायला सवड नव्हती. मी आधी पिण्याचं भरलं, मग ड्रम, मग बादल्या, मग पातेली. शेवटी ह्यांचा जुना थर्मासही भरून ठेवला. पाणी आलं की घरात रिकामं काही ठेवायचं नाही ही आम्हा शहरातल्या बायकांची खोड. नळी ड्रमात सोडली, ओट्यावरचं पीठ मळायला घेतलं आणि फोन खिडकीत टेकवून चालू केला. वर तुझं नाव दिसलं. म्हटलं, चला, आज ज्ञानेश्वरीचं पान. आज भाकरी चांगल्या होणार.

तुझा आवाज आला, पण पान आलं नाही.

'आरं माझ्या दादा' असं तू म्हणालीस, आणि तो 'दादा' इतका लांब ओढलास की माझा पिठातला हात थांबला. बापाला तू दादा म्हणतेस हे मला ठाऊक होतं. तिकडं मेंढरांमागं बसून ते तुझी पानं ऐकतात, हेही तूच सांगितलं होतंस. पुढं तू म्हणालीस, 'सांजच्याला मेंढरं मोजायचास रं दादा, लेक मोजायची राहिली रं.' तेव्हा मला कळलं, केरबा बाबा गेले.

नळीचं पाणी ड्रमावरून वाहून दाराबाहेर गेलं. शेजारीण ओरडली, "ओ मुक्ताबाई, खाम नदी इकडनं वळवली का काय!"

मी शेवटपर्यंत ऐकलं. मग तुला लिहायला फोन उचलायचा तर माझे हात ओले. पुसून घेईपर्यंत तिथं काही नव्हतं. 'ॲडमिननं हा मेसेज काढून टाकला' एवढी एक ओळ. तिच्याखाली नानासाहेबांची सूचना, 'गटावर गाणी टाकू नयेत. ही करमणुकीची जागा नाही.' त्या सूचनेवर लोकांचे अंगठे. आणि सगळ्यांच्या आधी त्या प्रणयनं लिहिलेलं, 'ताई, आवाज भारी! कोणतं चॅनल?'

तू गटातून बाहेर पडलीस तेही तिथंच दिसलं.

मग मला एकटीला तुझा मेसेज आला. 'मावशी, तुमची जागा तुम्ही साफ ठेवा. आमच्या रडण्यानं घाण व्हायला नको.' मी लगेच उलट लिहिलं. एकच टिक आली. दुपारी बघितलं, एकच. रात्री बघितलं, एकच. फोन लावला तर लागत नाही. तू मला बंद केलंस हे कळायला मला दुसरा दिवस उजाडला.

म्हणून हे कागदावर. मागं तुला पुस्तक पाठवलं होतं तो कन्नड गावच्या पिठाच्या गिरणीचा पत्ता माझ्याकडं आहे. गिरणीवाले तुला देतील असं धरून चालते.

आपण एकमेकींना कधी बघितलेलं नाही. पण लॉकडाऊनमध्ये विहारातलं वाचनालय बंद पडलं आणि ह्यांनी 'एक पान' हा गट काढला, तेव्हापासून तुझा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज एकानं एक पान वाचायचं, बाकीच्यांनी कामं करता करता ऐकायचं. एवढंच तर होतं. त्या एवढ्याशातून तू गेलीस तर माझ्या सकाळीतून माणूस जातं, पोरी.

नानासाहेबांनी मुद्दाम केलं नाही. पण त्यांची बाजू मी तुला आज सांगणार नाही. आज तुझा बाप गेलाय.

तुझी
मुक्ता मावशी


भावसिंगपुरा,
मंगळवार, १३ जानेवारी

ज्ञानेश्वरी,

पहिलं पत्र मिळालं असेल नसेल. दुसरं लिहिते.

नानासाहेब काल आले होते. तू त्यांना सूचनांवरूनच ओळखतेस, म्हणून सांगते. ते ह्यांच्याबरोबर एस.टी.च्या वर्कशॉपात होते. हे गाड्यांखाली आणि ते ऑफिसात. जन्मभर टिपण्या लिहिल्या, त्यामुळं त्यांना साधं बोलता येत नाही. बायकोला चहा मागतानासुद्धा 'विनंती' म्हणत असतील. हे गेल्यावर गटाचं सगळं तेच बघतात. मलाही ॲडमिन करून ठेवलंय, पण ते नावापुरतं, सत्काराच्या नारळासारखं. मी कधी कुठलं बटण दाबलेलं नाही.

मी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं होतं, "नानासाहेब, त्या पोरीचा बाप गेला होता." मग म्हणाले, "मी येतो."

आले ते उभेच. बसा म्हटलं तरी बसेनात.

"मुक्ताबाई, मी दहा सेकंद ऐकलं. पाणी भरत होतो. मला वाटलं लोकगीत आहे, कुठून तरी पुढं ढकललेलं. इतकं सुरात कोण रडतं हो?"

"रडतात की. तुमच्या आईला कुणी रडलं नाही का?"

"आमच्याकडं..." म्हणाले आणि थांबले. "माझी आत्या रडली होती. दारातूनच सुरू केलं होतं तिनं. मला लाज वाटली होती तेव्हा. ऑफिसची माणसं बसलेली होती."

मग बसले. चहा घेतला. तू पान वाचताना 'पाणी'ला 'पानी' म्हणायचीस आणि ते दर वेळी खाली दुरुस्ती लिहायचे, ते आठवलं असावं. म्हणाले, "तिला वाटलं असेल, ह्या माणसाला आपलं काहीच चालत नाही." मी नाही म्हटलं नाही.

काढून टाकलेलं परत आणता येतं का विचारलं, तर येत नाही म्हणाले. एकदा गेलं की गेलं. मग खिशातून चष्मा काढला आणि माफी लिहून आणली होती ती वाचून दाखवली. 'सदर ध्वनिफीत अनवधानाने काढण्यात आली असून सदस्यांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

मला हसू आलं, ज्ञानेश्वरी. तुझा बाप जाऊन आठवडा व्हायचा आणि मला हसू आलं. म्हटलं, "नानासाहेब, ही तर टाकीच्या सफाईची सूचना झाली. आता तेवढं 'नागरिकांनी पाणी जपून वापरावे' लिहा."

तेही हसले, मग डोळे पुसले. कागद तसाच परत खिशात घातला.

पण गटावर गोष्ट फुटली होतीच. रविवारी दिवसभर तेच चाललं. कुणी म्हणे, नियम म्हणजे नियम. ह्यांचं नाव घेऊन म्हणे, संघपाल काकांनीच लिहून ठेवलंय, गाणी नकोत, पुढं ढकललेलं नको. कुणी म्हणे, अगोदर दुःखाची बातमी कळवावी आणि मग काय टाकायचं ते टाकावं. प्रणयनं लिहिलं, 'आता रोज कोणी ना कोणी रडणार. मग मीपण माझ्या बॉसच्या नावानं रडतो.' त्यावर अमृतानं, ती फुलंब्रीच्या दवाखान्यात नर्स आहे, रोज जाऊन येऊन करते, तिनं लिहिलं, 'रड की भाऊ. फक्त आपल्या तोंडानं रड, उसनं आणू नको.'

अमृतानं ते गमतीत लिहिलं, पण मी पाट्यावर वाटण ठेवून तिथंच बसले. कारण गटाच्या माथ्यावर ह्यांनी लिहिलेलं पहिलं वाक्य तेच आहे. 'जे सांगायचं ते आपल्या तोंडानं.' लोक गाणी आणि फॉरवर्ड तेवढी लक्षात ठेवतात. हे पहिलं वाक्य वाचतच नाहीत.

ह्यांचं दुसरं वाक्य तुला आठवतं का? 'इथं दुखवटा लिहायचा नाही. जाऊन यायचं.' ते का लिहिलं, हे तुला कधी सांगितलं नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा ह्यांचा फोन फुलांच्या आणि दिव्यांच्या चित्रांनी भरून गेला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, एकाखाली एक. एकानं तर घाईत वाढदिवसाचा केक पाठवला आणि माफीसुद्धा मागितली नाही. आणि इकडं बाहेर ओट्यावर बसायला चार माणसं. हे म्हणाले, "मुक्ता, सगळे येऊन गेले म्हणे. मला कुणी दिसलं नाही."

त्या दिवशी त्यांनी ते वाक्य घातलं.

उद्या नामविस्तार दिन. सकाळीच विद्यापीठाच्या गेटवर जाणार आहे. दर वर्षी हे मला पुस्तकांच्या स्टॉलवर सोडून चहा प्यायला जायचे आणि मी घेतलेली पुस्तकं धरायला परत यायचे. गेल्या वर्षापासून पिशवी मीच धरते.

तुला उद्या संक्रांत. पण तुझ्या घरी यंदा कसली संक्रांत. पोरांना तरी तीळगूळ दे. शाळेसाठी तू त्यांना घेऊन मागं राहिलीस आणि बाकी सगळं घर मेंढरांमागं, त्यात हा घाला. तुझ्याजवळ रडायलाही कुणी नव्हतं, हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतंय.

मुक्ता मावशी


भावसिंगपुरा,
शनिवार, १७ जानेवारी

ज्ञानेश्वरी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, माझे हात ओले होते म्हणून फोन उचलायला उशीर झाला. हात ओले नव्हते. पिठाचे होते, आणि पिठाच्या हातानं मी कितीदा फोन घेतलाय. खरं म्हणजे मी खाली बसले होते. फरशीवर, वाहत्या पाण्यात. तुझ्या दादासाठी नाही, पोरी. मी त्यांना बघितलेलंही नव्हतं.

हे गेले त्याला आता सव्वा वर्ष झालं. सगळं नीट झालं होतं. विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. नानासाहेब बोलले, वर्कशॉपातली माणसं बोलली. मी हात जोडून उभी होते. जो तो म्हणत होता, मुक्ताबाई खंबीर आहेत. एकदा लोकांनी खंबीर म्हटलं की मग बाईला रडायचं कुठं? मी आतल्या खोलीत गेले तर तिथं चपला सांभाळत पोरं बसलेली. न्हाणीत गेले तर कुणीतरी दार वाजवलं. तेवढ्यात राहून गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर पान आलं. नानासाहेबांनी वाचलं. मधमाश्यांवरचं पान होतं, राणीमाशी कशी निवडतात त्याचं. गट खंडित होऊ नये ही संघपालचीच इच्छा असती, असं ते सुरुवातीला म्हणाले, आणि वाचायला लागले. खोटं नाही म्हणत मी. ह्यांची तीच इच्छा असती. हे मेलेल्या माणसापायी जिवंत काम थांबवणारे नव्हते. पण मी भिंतीला टेकून बसले होते आणि फोनमधून मधमाश्यांचं येत होतं. मला वाटलं, एक दिवस. एकच दिवस थांबला असता तर.

हे मी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं. आपल्या नवऱ्याचाच नियम, आपल्या नवऱ्याचाच गट, आणि आपणच रुसायचं का?

त्या दिवशी दुपारी तुझा फोन आला होता. तू 'मावशे' म्हणालीस आणि पुढं काही नाही. मीही काही बोलले नाही. बराच वेळ तू तशीच फोनवर बसून होतीस. मागं कोंबड्या ऐकू येत होत्या, एकदा एक पोरगं तुला काहीतरी मागायला आलं आणि तू त्याला हळूच हाकललंस. मग फोन ठेवलास. त्या दिवसातलं मला तेवढंच धड आठवतं.

म्हणून तुझं रडणं आलं तेव्हा मी खाली बसले. तू तुझ्या बापाला रडत होतीस आणि मी तुझ्या आवाजावर माझं ओझं टाकलं. तुझं ऐकून संपलं तरी मला उठवेना. मी वेळेवर उठले असते, नानासाहेबांना लगेच फोन केला असता, तर तुला ती सूचना वाचायला लागली नसती.

शाळा माझी चौथीत सुटली हे तुला माहीत आहे. पुढचं सगळं वाचन मी ह्यांचा डबा ज्या कागदात गुंडाळून परत यायचा त्या कागदांवर केलं. अर्धी बातमी असायची आणि तेलाच्या डागामुळं उरलेली अर्धी दिसायची नाही. हे म्हणायचे, उरलेलं तू तुझ्या मनानं वाच. त्यामुळं मला अजून सवय आहे, जे लिहिलेलं नाही ते वाचायची. तू मला लिहिलंस, जागा साफ ठेवा. मी त्यात वाचलं, तुमच्यापैकी कुणी आलं नाही.

खरंच कुणी आलं नाही. चर्चा सगळ्यांनी केली. नियमावर, गाण्यावर, नानासाहेबांवर. अगोदर कळवायचं की नंतर, यावर. 'जाऊन यायचं' हे वाक्य कुणीच काढलं नाही. मीसुद्धा नाही. मी पत्रं लिहीत बसले.

मला तुझ्याकडं यायचं आहे. कन्नड काही लांब नाही. पण तू मला बंद केलेलं असताना तुझ्या दारात येऊन उभं राहणं मला बरं वाटत नाही. तू ये म्हणालीस तर येईन. नाहीतर येणार नाही. येऊ का, एवढंच कळव. मेसेज नको असेल तर गिरणीवाल्यांकडून निरोप दे.

मुक्ता


गुरुवार, २२ जानेवारी, संध्याकाळ

हे पोस्टात टाकत नाही. पिशवीत भाकरींच्या खाली ठेवते, उद्या हातानंच देईन. तू वाचलं नाहीस तरी चालेल. पण तुझा फोन आला हे मला कुठंतरी लिहून ठेवायचं आहे.

दुपारी अनोळखी नंबरावरून फोन. मागं गिरणीची घरघर. मी 'कोण' म्हणायच्या आत तू सुरू झालीस.

"मावशे, तुमचे तिन्ही कागुद वाचले. आता एक ऐका. लग्नाला बोलावणं लागतंय. मयताला लागतंय का? इचारून येतंय का कुणी दुःखाला?"

मी म्हटलं, "नाही गं."

"मग? येऊ का, येऊ का, लिवत बसल्या. शेहेरात काय अर्ज द्यावा लागतोय व्हय?"

"चुकलं."

"चुकलं म्हनू नका. रडायला मानसं लागत्यात. कागदाला गळा पडता येत नाय."

आणि गिरणीवाल्याला म्हणालीस, "धरा मामा तुमचा फोन, झालं बोलून."

मी ज्वारीचं पीठ काढलं. ह्यांच्या माघारी मी इतक्या भाकरी एकदम केलेल्या नाहीत.


भावसिंगपुरा,
रविवार, २५ जानेवारी

ज्ञानेश्वरी,

मी सुखरूप पोचले. शुक्रवारी परतीच्या गाडीला वेरूळपर्यंत उभी होते, मग एका बाईनं मांडीवरचं पोरगं माझ्या मांडीवर दिलं आणि अर्धी जागा दिली.

तू म्हणालीस, जे झालं ते आता लिहू नका, झालं ना. पण लिहिल्याशिवाय माझं काही पूर्ण होत नाही, त्याला काय करू. थोडंच लिहिते.

मला वाटलं होतं तू उंच असशील. तुझा आवाज उंच बाईचा आहे. दारात एक बारकी बाई शेळीला पाला टाकत होती. मी तिलाच विचारलं, "ज्ञानेश्वरीचं घर हेच का?" तू वळलीस आणि माझ्या तोंडाकडं न बघता म्हणालीस, "मावशे." आवाजावरूनच. मग पाला खाली टाकून तू माझ्या गळ्यात पडलीस आणि तिथंच दारात सुरू केलंस.

परत तेच ऐकायला मिळेल असं मला वाटलं होतं. पण ते नव्हतं. सगळं वेगळं होतं. मग कळलं, एकदा रडलेलं तसंच्या तसं परत रडता येत नाही. ते गटावरचं गेलं ते गेलंच. शेजारच्या दोघी आल्या, त्याही बसल्या. तू दादाच्या काठीचं म्हणालीस, कांबळ्याचं म्हणालीस, तळ हलवायच्या सकाळी ते सगळ्यांच्या आधी उठून चूल कशी विझवायचे ते म्हणालीस. आणि मला काही कळायच्या आत माझ्या पाठीवर हात ठेवून ह्यांच्यासाठी म्हणालीस, 'वाचायला लावून गेला रं माझा काका, ऐकायला कुणी ठिवलं नाय रं.'

पुढचं तू बघितलंसच. शेजारणींनी पण बघितलं. एकीनं नंतर विचारलं, "ह्या बाईचं कोण गेलं?" तू म्हणालीस, "आमचं दोघींचं गेलं." तिला तेवढं पुरलं. मलाही पुरलं.

भाकरी तुझ्या पोरांनी ठेच्यासंगं खाल्ल्या. धाकटा म्हणाला, "शेहेरातल्या भाकरी बारीक राहत्यात." त्याला सांग, पुढच्या वेळी चांगल्या थापून आणीन.

नानासाहेबांचं तू विचारलंस, "ते काय म्हातारे हाईत?" मी हो म्हटलं. "मग राहू द्या," म्हणालीस. "पन दुरुस्ती लिवायची सोडा म्हनावं. माझा दादा पानीच म्हनत हुता आन् पानीच पेत हुता." मी हे त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. ते म्हणाले, "योग्य आहे." मग, "बरोबर आहे." मग आणखी साधं काही सुचेना तेव्हा नुसती मान हलवली. मंडळींना घेऊन एकदा कन्नडला जाऊन येतो म्हणाले. तुला कळवून येऊ का विचारत होते. मी त्यांना चांगलं झापलं.

आणि गटाचं. मी विचारलं, परत येशील का, तर तू तिथल्या तिथं नाही म्हणालीस. "आता नाय, मावशे. तिथं तोंड उघडलं की मला तो अंगठा दिसतोय." मी आग्रह केला नाही. पण निघताना तू मला एक काम सांगितलंस. तोवर तू मला तुम्ही म्हणत होतीस. दारात आल्यावर म्हणालीस, "तू एक कर. माझ्या दादाचं नाव तेवढं सांग तिथं. गाणं नव्हतं म्हनून सांग."

परतीच्या गाडीत मी तेच बघत होते मनाशी. माफी लिहायची, तर ती नानासाहेबांची झाली असती. नवा नियम लिहायचा, रडायचं असेल तर असं रडा म्हणून, तर प्रणयला हसायला झालं असतं आणि बरोबरच हसला असता. ह्यांचे नियम पुरेसे होते. पाळायचे कसे ते आम्ही विसरलो होतो. माझं माहेर फुलंब्रीकडचं. गावात माणूस गेलं की बाजारपेठेतली दुकानं दाराला अर्धी फळी टाकून दिवसभर विक्री थांबवायची. त्याचा कुणी ठराव करत नव्हतं. मेलेला माणूस ओळखीचा आहे का, कुठल्या जातीचा आहे, हे गिऱ्हाइकानं विचारलं तर दुकानदार म्हणायचा, "गावातला हाय." बस.

तुला वाटेल, गटावरचे सगळे काही वाईट नाहीत हे मी पटवून द्यायला बघते आहे. नाही गं. तू येऊ नकोस. तुझं मन म्हणेल तेव्हा ये, आणि नाही म्हटलं तर येऊच नकोस. तुझा नंबर आता लागतो, तेवढं मला बास आहे. सकाळी फोन करत जा. पान वाचायला नको. नुसत्या कोंबड्या ऐकव.

शनिवारी, म्हणजे तुझ्याकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पाळी अमृताची होती. तिला उजाडताच फोन करून म्हटलं, आज राहू दे. मग नानासाहेबांना विचारलं, गट बंद कुठून करतात, म्हणजे कुणालाच काही टाकता येणार नाही असा. ते म्हणाले, "मी करून देतो ना, तुम्ही कशाला त्रास घेता." म्हटलं, नाही, कुठं दाबायचं तेवढं सांगा. त्यांनी सांगितलं.

मी फोन तोंडाशी धरला. म्हटलं, "मी मुक्ता बोलते. आपल्या ज्ञानेश्वरीचे वडील केरबा मेंढरांच्या तळावर वारले. तिनं इथं टाकलं होतं ते गाणं नव्हतं, ती बापाला रडत होती. कन्नडला उतरून पिठाच्या गिरणीवर विचारलं की कुणीही तिची वस्ती दाखवतं. बोलावण्याची वाट बघू नका."

मग मी गट बंद केला, आणि दिवसभर बंद ठेवला.